व्हेअर ईगल्स डेअर : एकदा अमरावतीत, एकदा अकोल्यात

सायकल स्टँडवर लावा, पत्र्याचा बिल्ला शर्टाच्या खिशात ठेवा आणि रांगेत उभे राहा. गाव अमरावती, सत्तरच्या दशकाची पहिली वर्षं, रविवारची सकाळ. तुम्ही विदर्भ महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहात. घरातली मोठी माणसं या कॉलेजला अजून किंग एडवर्डच म्हणतात. डिसेंबर १९७१ ची लढाई तुम्ही रेडिओला कान लावून ऐकली आहे, आणि युद्ध म्हटलं की तुम्हाला आधी बातम्या देणारा आवाज आठवतो. युद्ध डोळ्यांनी बघायला तुम्ही आज आला आहात.

या गावात सिनेमा म्हणजे पत्तासुद्धा. राजकमल, चित्रा, प्रभात, श्याम, सरोज: टॉकीजच्या नावांवरून चौक ओळखले जातात, आणि रिक्षावाल्याला तेवढं नाव सांगितलं की बाकी काही सांगावं लागत नाही. सिनेमा धंद्याच्या नकाशात आपला मुलूख ‘सी. पी. बेरार’. राज्यं बदलली, प्रांत पुसले गेले, पण वितरकांच्या कागदांवर हे नाव टिकून आहे. त्यांच्या कचेऱ्या अमरावतीत आहेत, म्हणून रिळांच्या पत्र्याच्या पेट्या या गावाच्या ओळखीच्या आहेत. मात्र संध्याकाळचे खेळ हिंदीचे. इंग्रजी सिनेमा उशिरा येतो आणि बहुधा रविवारी सकाळी लागतो. त्यामुळे रांगेत कॉलेजची पोरं, दोन-चार मास्तर, बँकेतले साहेब आणि इंग्रजीचा गंध नसलेली, पण मारामारीवर जीव असलेली बरीच मंडळी आहेत.

“काऊन बे, इंग्रजी समजते का तुले?” पुढचा मागच्याला विचारतो.

“नाई समजत. पण बंदुकी तं समजते ना!”

तिकीट हातात पडतं. आत शिरा. दारावरचा पडदा मागे पडला की उन्हातून आलेल्या डोळ्यांना काही दिसत नाही, बॅटरीवाल्याच्या उजेडामागे चाचपडत जावं लागतं. आधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचारचित्र: धरण, मंत्री, फीत कापणं. पोरं अजून खुर्च्या बदलतायत, कुणी कुणाला हाका मारतोय. मग पडदा पांढरा होतो आणि ड्रम वाजायला लागतो.

रॉन गुडविनचं संगीत असं सुरू होतं. आधी फक्त ड्रम, लष्करी चालीचा, लांबून जवळ येणारा. समोर बर्फाने झाकलेले डोंगर आणि त्यांच्यामधून येणारं एक विमान. हॉलमधला गलका बंद होतो. बाहेर वऱ्हाडातला उन्हाळा सुरू झालाय. तुम्ही बर्फ पाहिलाय तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेल्या लादीचा. इथे डोंगरच्या डोंगर त्याच्याखाली गेले आहेत, आणि त्यात सात माणसं पॅराशूटने उतरणार आहेत.

गोष्ट १९४३-४४ च्या हिवाळ्यातली. एक अमेरिकन जनरल जर्मनांच्या हाती लागलाय. युरोपात उतरायच्या मोठ्या चढाईची योजना त्याला माहीत आहे. त्याला आल्प्समधल्या एका किल्ल्यात ठेवलंय आणि वर जायला एकच वाट: केबल कारची. तो तोंड उघडायच्या आत त्याला सोडवून आणायचं. लंडनमध्ये ॲडमिरल रोलंड आणि कर्नल टर्नर ही कामगिरी समजावून सांगतात. सहा ब्रिटिश आणि एक अमेरिकन. ब्रिटिशांचा म्होरक्या मेजर स्मिथ, म्हणजे रिचर्ड बर्टन. अमेरिकन लेफ्टनंट शाफर, म्हणजे क्लिंट ईस्टवुड. तो फारसा बोलत नाही. संवादांचा भार बर्टनवर टाका, असं ईस्टवुडनेच सुचवलं होतं. अमरावतीतल्या या हॉलला त्याचा फायदाच होतो, कारण शाफरचं म्हणणं समजायला इंग्रजी लागत नाही.

तुम्ही गोष्टीत ओढले जाता. उतरल्या उतरल्या रेडिओवाला हॅरॉड मान मोडून बर्फात पडलेला सापडतो. अपघात, असं तुम्हाला वाटतं. स्मिथ संकेतवही मागे राहिल्याचं निमित्त करून रात्री झोपडीबाहेर पडतो आणि लाकडाच्या कोठीत एका मुलीला भेटतो. ही मेरी. ती विमानात होती, पण बाकीच्यांना पत्ता नाही. मागच्या रांगेतून शिट्टी येते. स्मिथ रेडिओवर बोलतो, “ब्रॉडस्वोर्ड कॉलिंग डॅनी बॉय,” आणि पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या पोर्चमध्ये पोरं एकमेकांना अशाच हाका मारणार, हे तिथल्या तिथे ठरून जातं. मग किल्ल्याखालच्या गावात पथकातला आणखी एक माणूस मरतो. जर्मन सैनिक गुत्त्याला वेढा घालतात. स्मिथ आणि शाफर केबल कारच्या टपावर पालथे पडून किल्ल्यावर जातात, आणि हॉलमधले पंखे फिरत असूनही तुमचे तळहात ओले होतात.

पडद्यावर जागोजागी नाझी स्वस्तिक आहे. या गावाला ते अगदीच परकं नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे कबड्डी आणि आपल्या इतर खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. हिटलरची राजधानी झेंड्यांनी सजलेली असताना वऱ्हाडातली माणसं तिच्या मैदानावर उभी होती. त्यांच्यापैकी कुणी आज बाल्कनीत बसलेलं असेल, तर त्याला हे झेंडे आठवणीतून ओळखता येतील.

मध्यंतरात बाहेर या. गिल्या वड्याची प्लेट घ्या, वर दही, चटणी, तिखट. सगळीकडे एकच चर्चा: आपल्यातला फितूर कोण? कुणी म्हणतं तो जाडा, कुणी म्हणतं ती पोरगी. “मी सांगतो, तो मेजरच हाय,” असं एक जण छातीठोकपणे सांगतो आणि बाकीचे त्याला वेड्यात काढतात. घंटा वाजते.

आता जे होणार आहे त्यासाठी नीट बसा.

किल्ल्यातला मोठा दिवाणखाना. शेकोटी पेटलेली. जर्मन कर्नल क्रेमर आणि जनरल रोझेमायर त्या अमेरिकन कैद्याची चौकशी करतायत. मग स्मिथच्या पथकातले तिघे आत येतात: थॉमस, बर्कले, ख्रिश्चनसन. ते कैदी म्हणून येत नाहीत, पाहुणे म्हणून येतात. ते जर्मनांचेच हेर. हॉलमध्ये शिव्यांची लाट उठते. वरच्या सज्जातून स्मिथ आणि शाफर बंदुका रोखून उतरतात आणि लोक टाळ्या वाजवतात. तेवढ्यात स्मिथ शाफरकडे वळतो आणि त्यालाच बंदूक खाली ठेवायला लावतो. सांगतो, मी योहान श्मिट, जर्मन गुप्तहेर खात्याचा.

टाळ्या मध्येच थांबतात.

तुमच्या शेजारी बी.ए.चा एक पोरगा बसलाय. इंग्रजीचा मास्तर त्याला मानतो. दोन्हीकडची माणसं त्याच्याकडे झुकतात आणि तो हळू आवाजात सगळं वऱ्हाडीत सांगायला लागतो.

“अबे, हा तं जर्मनीचाच निंघाला!”

“नाई बे!”

“हाव ना! तो म्हन्ते का हे तिघं खोटे हायेत, विंग्रजाईनं पाठवले. खरे असान तं इंग्लंडात तुमची जेवढी मानसं पेरून ठेवली हायेत, त्याईचे नावं लिहून दाखवा.”

“मंग?”

“थांब, लिहून रायले.”

तिघे वह्या घेऊन लिहायला बसतात. आता गोळी नाही, स्फोट नाही, धावपळ नाही. कागदावर फिरणाऱ्या लेखण्या, शेकोटीजवळचे अधिकारी आणि बर्टनचा खर्जातला आवाज. स्मिथ क्रेमरला म्हणतो, इटलीत केसेलरिंगच्या मुख्यालयात फोन लावा, माझी ओळख पटवून घ्या. फोन लागतो, ओळख पटते. इंग्लंडमधल्या सगळ्यात बड्या हेराचं नाव मला माहीत आहे म्हणून तो एक कागद फक्त क्रेमरला दाखवतो. क्रेमर मान डोलवतो. तुम्हाला ते नाव दिसत नाही. शेवटी क्रेमर स्मिथची स्वतःची वही उघडतो, तिघांच्या याद्यांशी ताडून बघायला.

वही कोरी असते.

बी.ए.वाला काही बोलत नाही. त्यालाही क्षणभर उमगत नाही. मग बाल्कनीतून कुणीतरी ओरडतं, “अबे, नावंच पाह्यजे होते त्याले!” आणि सगळा हॉल एकदम उठतो. जनरल सोडवायला कुणी आलंच नव्हतं. तो जनरलही खरा नव्हता, नट होता. ही मोहीम इंग्लंडमधल्या हेरांची यादी त्यांच्याच हातांनी लिहून घेण्यासाठी रचलेली होती.

पुढचा तास लवकर सरतो. दोरखंड, सुरुंग, केबल कारच्या टपावरची झटापट. बर्टनच्या जागी ती जोखीम आल्फ जॉइंट या स्टंटमनने घेतली आणि दुसऱ्या युनिटचं दिग्दर्शन याकिमा कॅनुट या जुन्या जाणत्या माणसाने केलं, हे तुम्हाला पुष्कळ वर्षांनी कळेल. विमानतळावरून सुटका होते. विमानात कर्नल टर्नर बसलेला असतो आणि स्मिथ त्याला सांगतो की क्रेमरला दाखवलेलं नाव तुमचं होतं. टर्नर बंदूक रोखतो, पण ती चालत नाही, कारण रोलंडने तिची आधीच सोय लावलेली असते. टर्नर पॅराशूटशिवाय विमानाबाहेर पडतो आणि पडद्यावर अंधार होतो.

उन्हात येता. बिल्ला देता, सायकल घेता. राजापेठेपर्यंत तुम्ही चौघं मित्र सायकली हातात धरून चालत जाता, कारण बोलायचं फार आहे.

आता काही वर्षं पुढे या. गाव अकोला, महिना मे.

इथलं ऊन वेगळं सांगायला नको. दुपारी टिळक रोडवर कुत्रंसुद्धा दिसत नाही. शिक्षण संपलंय, नोकरी लागलीय, आणि भिंतीवरच्या पोस्टरवर तुम्हाला ती केबल कार पुन्हा दिसते. प्रिंट जुनी आहे. वऱ्हाड-खानदेशातल्या कितीतरी यंत्रांमधून फिरून आली आहे. पडद्यावर रेघा ओढल्यासारखा पाऊस पडतो, मधूनच फ्रेम उडते. यंत्रघरात दोन प्रोजेक्टर. एक हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, आणि अडीच तासांहून मोठा हा सिनेमा म्हणजे साधारण चौदा हजार फूट फिल्म. रीळ संपत आलं की उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो आणि ऑपरेटर दुसरं यंत्र सुरू करतो. पहिल्या वेळी तुम्हाला एकही ठिपका दिसला नव्हता. आज दिसतोय, कारण आज तुमचे डोळे मोकळे आहेत. गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

आणि इथे सिनेमा वेगळाच दिसायला लागतो.

लंडनचा तो पहिला प्रसंग बघा. पहिल्या वेळी तुम्ही नकाशा बघत होता. आता टर्नरकडे बघा. कामगिरीचे बारकावे समजावून सांगणाऱ्यांत तो आहे. रोलंड त्याला संशय येऊ न देता त्याच्याशेजारी उभा आहे. रेडिओवर स्मिथ एकामागून एक माणसं मेल्याचं कळवतो तेव्हा टर्नरही लंडनला त्याच खोलीत बसून ऐकतो. पहिल्या वेळी ती दोन काळजीत पडलेली वडीलधारी माणसं वाटली होती. आता एक शिकारी आहे आणि एक सावज, आणि दोघं एकाच टेबलाशी बसलेत.

हॅरॉड बर्फात पडलेला सापडतो. या वेळी तुम्ही प्रेताकडे बघत नाही, भोवती जमलेल्या चेहऱ्यांकडे बघता. यांच्यातल्या कुणीतरी त्याची मान मोडलीय आणि तो सगळ्यांबरोबर उभा राहून हळहळतोय. स्मिथ गप्प आहे. त्याला संशय आहे, पण तो बोलून दाखवत नाही. पहिल्या वेळी त्याचं गप्प राहणं कठोर वाटलं होतं. आता कळतं, खुनी पथकात आहे हे ओळखून तो पुढे निघालाय, कारण त्याला त्या खुन्यांना जिवंत किल्ल्यापर्यंत न्यायचंय.

आणि शाफर. ब्रिटिशांच्या मोहिमेत अमेरिकन कशाला, हा प्रश्न पहिल्या वेळी पडला नव्हता. त्याचं उत्तर सिनेमा शेवटी देतो: ब्रिटिश खात्यात फितुरी कुठवर पोचलीय याचा अंदाज नव्हता, म्हणून विश्वास ठेवायला बाहेरचा माणूस हवा होता. एवढं डोक्यात ठेवून दिवाणखान्यातला प्रसंग पुन्हा बघा. स्मिथ शाफरला बंदूक टाकायला लावतो तेव्हा शाफरला काहीच ठाऊक नसतं. ज्याच्या भरवशावर तो शत्रूच्या घरात शिरला, तोच उलटलाय. ईस्टवुड काही करत नाही. बसून राहतो, नजर हलत नाही. पहिल्या वेळी तो तुम्हाला लाकडासारखा वाटला होता. आज दिसतं की हा माणूस अजून ठरवतोय, विश्वास सोडायचा की नाही.

अकोल्याच्या त्या हॉलमध्ये तुमच्या आजूबाजूला पहिल्यांदाच बघणारे लोक आहेत. कोरी वही उघडायची वेळ येते आणि या वेळी तुम्ही पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघता. शेजारी एक काका धोतराच्या सोग्याने घाम पुसता पुसता थांबलेत. पुढची दोन पोरं खुर्चीच्या टोकावर आली आहेत. तुम्हाला सगळं ठाऊक आहे आणि तुम्ही ओठ घट्ट मिटून बसलात. रोलंड आणि स्मिथ या दोघांनी सिनेमाभर जे सांभाळलं, ते तुम्ही त्या एका मिनिटापुरतं सांभाळता.

हे लिहिण्याचं कारण हेच. रहस्य फुटलं की सिनेमा संपला, असं आपण सर्रास म्हणतो. शेवट सांगू नकोस म्हणून भांडतोही. पण ‘व्हेअर ईगल्स डेअर’ शेवट कळल्यावर मोठा होतो. पहिल्या वेळी तो मारामारीचा सिनेमा असतो. दुसऱ्या वेळी तो विश्वासाचा होतो: कुणावर ठेवायचा, कुणाला कळू द्यायचं, आणि आपला म्हणवणारा माणूस फितूर आहे हे माहीत असताना त्याच्याशी साधेपणाने कसं बोलत राहायचं.

अॅलिस्टर मॅक्लीनने हे थेट पडद्यासाठी लिहिलं. त्याची ही पहिलीच पटकथा. कादंबरीही त्याच सुमारास, १९६७ मध्ये आली. तो स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होता आणि पुढे शाळेत शिकवायचा. दिग्दर्शक ब्रायन हटन. १९६८ च्या सुरुवातीला ऑस्ट्रियात चित्रीकरण झालं. किल्ला खरा आहे, वेर्फेनचा होहेनवेर्फेन, पण त्याला केबल कार नाही. ती एबेनझे गावाजवळच्या फॉयरकोगेल डोंगरावरची.

दोष काढायचे तर पुष्कळ निघतात. किल्ल्यात उतरणारं हेलिकॉप्टर १९४३-४४ मध्ये असणं शक्यच नाही, ते मॉडेल नंतरचं. जर्मन सैनिक पत्त्यांसारखे पडतात आणि नायक मात्र वाचतात. आपसात इंग्रजी बोलणारे जर्मन तर सगळ्यांना दिसतात. तरीही मी या सिनेमाच्या बाजूने उभा राहीन, आणि त्याला कारण इतिहासानेच दिलं.

१९७२ मध्ये जॉन मास्टरमन यांचं डबल-क्रॉस यंत्रणेवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं आणि तोवर दडवलेली गोष्ट जगाला कळली. युद्धकाळात ब्रिटनमध्ये असलेले जर्मन हेर ब्रिटिशांनी पकडून आपल्याकडे वळवले होते आणि त्यांच्याच तोंडून बर्लिनला खोट्या बातम्या पाठवल्या जात होत्या. ‘गार्बो’ या टोपणनावाच्या स्पॅनिश हेराला तर जर्मनीने आयर्न क्रॉस दिला आणि ब्रिटनने एम.बी.ई. नॉर्मंडीच्या चढाईबाबत जर्मनांना चकवण्यात त्याचा मोठा वाटा होता. म्हणजे सिनेमात ज्या यादीसाठी एवढं रक्त सांडतं, ती यादी खऱ्या लंडनमध्ये आधीपासूनच ब्रिटिशांच्या टेबलावर होती. मॅक्लीनचा तपशील चुकला. पण हे युद्ध खोटी ओळख, विश्वास आणि कागदावरच्या नावांनी लढलं जात होतं, हा त्याचा मूळ धागा अचूक निघाला.

म्हणून तुम्हाला एक सांगायचं आहे. हा सिनेमा पूर्वी कधी पाहिला असेल तर पुन्हा बघा, आणि या वेळी बंदुकांकडे दुर्लक्ष करून टर्नर, शाफर आणि रोलंड या तिघांच्या चेहऱ्यांवर नजर ठेवा. शक्य असेल तर घरातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला शेजारी बसवा, ज्यांनी तो पाहिलेला नाही. त्यांना काही सांगू नका. इंग्रजी अडलं तर तेवढं वऱ्हाडीत समजावून द्या, पण वही उघडेपर्यंत तोंड मिटून ठेवा.